रक्ताचा माग : शार्क, माणूस आणि एका समजुतीचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर नावाची वसाहत आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव खानदेशात सर्वांना परिचित आहे. आम्ही तेथे एका स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. गळिताचा हंगाम चालू होता. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वाटेवर रांगा लावून उभे होते. समुद्राशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही, अशा या मुलखात शार्क माशाची गोष्ट निघेल असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते. पण ती निघाली, आणि ती काढली स्नेह्यांच्या नातवाने. आम्ही वसईकडचे, म्हणजे समुद्राकाठचे, हे त्याला कळले होते. त्याने विचारले, “बाबा, शार्कला एक मैलावरून रक्ताचा वास येतो म्हणे. पाण्यात एक थेंब पडला तरी तो वेडा होऊन धावत येतो. खरं का हो?”

प्रश्न सहज आला नव्हता. वैतरणा खाडीतील शार्कच्या हल्ल्याची चित्रफीत त्याने कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीस उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा लचका शार्कने तोडला. आमच्या उत्तर कोकणात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. समुद्रापासून इतक्या आत, गोड्या-मचूळ पाण्यात एवढा मोठा मासा आला कसा, याचे सर्वांना नवल वाटले. तो मासा पुढे मेला. ती मादी होती आणि तिच्या पोटात पिल्ले होती, असेही बातम्यांत आले. तरी लोकांच्या तोंडी एकच वाक्य राहिले : रक्ताला चटावलेला मासा.

मुलाच्या प्रश्नाला आम्ही त्या वेळी अर्धेमुर्धेच उत्तर दिले. घरी परतल्यावर मात्र तो प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देईना. शार्क आणि रक्त ही जोडी माणसाच्या मनात केव्हा पक्की झाली? ती तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले? आणि त्या तपासातून काय हाती आले? या तीन प्रश्नांचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पाणबुड्यांचा अनुभव

शार्कची भीती जुनी आहे. पण जुन्या भीतीत रक्ताला फारसे स्थान नव्हते, हे ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने समुद्रातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांच्या ‘सागरी श्वानां’शी होणाऱ्या झुंजींचे वर्णन केले आहे. त्याच्या मते हे मासे पाणबुड्याच्या जांघा, टाचा आणि शरीराचा जो जो भाग पांढरा दिसेल त्यावर तुटून पडत. म्हणजे प्लिनीच्या पाणबुड्यांना धास्ती होती ती माशाच्या डोळ्यांची, नाकाची नव्हे.

आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाला, मन्नारच्या आखातात, मोत्यांच्या शिंपल्यांसाठी शेकडो वर्षे माणसे बुडी मारीत आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील परवर समाज हा या व्यवसायातला प्रमुख समाज. १५३०च्या दशकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १५४२ साली भारतात आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्यांच्यात काम केले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. या मोती-मोसमात एक विलक्षण पद असे : शार्कचे तोंड मंत्राने बांधणारा मांत्रिक. तमिळमध्ये त्याला ‘कडल-कट्टी’, म्हणजे समुद्र बांधणारा, म्हणत. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस या मांत्रिकांचा उल्लेख केला असून, शिंपल्यांच्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा त्यांना मिळे असे लिहिले आहे. इंग्रजी अमलातही ही प्रथा चालू राहिली, कारण मांत्रिक हजर असल्याशिवाय पाणबुडे पाण्यात उतरतच नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिलोनवर ग्रंथ लिहिणारे जेम्स इमर्सन टेनंट सांगतात की, त्यांच्या काळी हे पद सांभाळणारा मनुष्य रोमन कॅथलिक होता; पण त्यामुळे त्याच्या मंत्राच्या सामर्थ्यात काही उणे येत नाही, असे लोक मानीत!

या हकिकतीची गंमत वाटते; परंतु तिच्यामागचे सत्य अधिक महत्त्वाचे आहे. शेकडो पाणबुडे एकाच वेळी पाण्यात उतरत. शिंपल्यांच्या धारदार कडांनी आणि प्रवाळांनी हातपाय खरचटणे ही त्या कामातली नित्याची गोष्ट. अशा किती जखमांचे रक्त त्या पाण्यात मिसळले असेल! तरीही शार्कने माणूस नेल्याच्या घटना तेथे अगदी विरळ होत्या. मंत्राचे श्रेय मांत्रिकाला मिळाले, पण मुळात संकटच मानले जात होते तेवढे मोठे नव्हते.

फ्लॉरेन्समधील एक मुंडके

शार्कच्या शरीराकडे भीती बाजूला ठेवून पाहणाऱ्यांत एका भावी बिशपांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १६६६ च्या ऑक्टोबर महिन्यात इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. टस्कनीचे अधिपती दुसरे फर्डिनांड यांच्या आज्ञेवरून त्याचे मुंडके फ्लॉरेन्सला आणण्यात आले आणि ते विच्छेदनासाठी नील्स स्टेन्सन या अठ्ठावीस वर्षांच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे सोपविले गेले. लॅटिनमध्ये त्यांचे नाव निकोलाउस स्टेनो.

त्या काळी माल्टा बेटावर सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांना ‘जिभांचे दगड’ म्हणत. ग्रहणाच्या वेळी ते आकाशातून पडतात, असे प्लिनीने लिहून ठेवले होते. संत पौलाने माल्टातील सर्पांना शाप दिला, त्यांच्याच या दगड झालेल्या जिभा, अशीही लोकांची श्रद्धा होती. स्टेनो यांनी शार्कचे दात आणि हे दगड शेजारी ठेवून पाहिले आणि दोन्ही एकच आहेत, असे १६६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. भूस्तरशास्त्राचा पाया येथे घातला गेला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे निरीक्षण मोलाचे आहे. शार्कच्या मुंडक्याच्या त्वचेवर असंख्य बारीक छिद्रे असून त्यांच्या आत चिकट द्रव भरलेला आहे, हे त्यांनी टिपले. पुढे १६७८ साली स्तेफानो लोरेन्झिनी यांनी वीज सोडणाऱ्या माशाचा अभ्यास करताना अशाच नलिकांचे सविस्तर वर्णन केले. आज त्या लोरेन्झिनींच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचे कार्य मात्र जवळपास तीनशे वर्षे कोडेच राहिले. त्याकडे आपण पुढे येऊच.

स्टेनो १६६७ साली कॅथलिक झाले, १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६७७ मध्ये ते बिशप झाले. उत्तर युरोपात अत्यंत साधेपणाने जगून १६८६ साली त्यांनी देह ठेवला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. लोकप्रिय समजुतीपुढे मान न तुकवता वस्तू हातात घेऊन पाहायची, ही त्यांची रीत शार्कच्या पुढच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडली.

कापसाच्या बोळ्याची कसोटी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शार्कविषयी आजच्या उलट समज होता. समशीतोष्ण पाण्यातील शार्क माणसाला चावत नाही, अशी अनेक सुशिक्षितांची खात्री होती. हर्मन ओएलरिक्स या धनिकाने १८९१ साली, असा हल्ला सिद्ध करणाऱ्यास ५०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते.

जुलै १९१६ मध्ये हा विश्वास पार कोसळला. न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर १ ते १२ जुलै या काळात शार्कने पाच जणांवर हल्ले केले, त्यांपैकी चौघे दगावले. शेवटचे तीन हल्ले तर उघड्या समुद्रावर नसून माटावान नावाच्या अरुंद खाडीत, वस्तीलगत झाले. वैतरणेच्या घटनेशी याचे साम्य विलक्षण आहे. खाडीतील हल्ले ‘बुल शार्क’ या जातीने केले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. वैतरणेतील मासाही त्याच जातीचा असल्याचे सांगितले गेले. ही जात खाऱ्या पाण्याइतकीच गोड्या पाण्यातही जगू शकते आणि तिच्या माद्या पिल्ले घालण्यासाठी खाड्यांच्या मुखांत शिरतात. अमेझॉन नदीतून थेट पेरू देशातील इक्वितोसपर्यंत हा मासा पोहोचल्याच्या नोंदी आहेत. गंगेत स्नान करणाऱ्यांवरील जुने हल्लेही बहुधा याच जातीचे असावेत.

या भयंकर उन्हाळ्यापूर्वीच शार्कच्या नाकाची पहिली पद्धतशीर परीक्षा पार पडली होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राल्फ शेल्डन यांनी छोट्या मुशी हौदात ठेवल्या आणि खेकड्याचे मांस कापडात गुंडाळून तळाशी ठेवले. मुशींना ते दिसत नव्हते, तरी त्या अचूक तेथे येऊन कापड ओढू लागल्या. मग त्यांच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले. आता त्या त्याच कापडावरून अनेकदा गेल्या, पण थांबल्या नाहीत. बोळे काढताच शोध पुन्हा सुरू झाला. हे काम १९०९ ते १९११ या वर्षांतले. १९१४ साली हार्वर्डचे जॉर्ज पार्कर यांनी एकच नाकपुडी बंद करून पाहिली. तेव्हा मुशी उघड्या नाकपुडीच्याच बाजूला वळत राहिली. दोन नाकपुड्या दोन दिशांच्या खबरा देतात, हे त्यावरून दिसले.

आमच्या किनाऱ्यावर लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. बाजारात ती घेणाऱ्या भगिनींनी एकदा तिचे मुस्कट उलटे करून पाहावे. तोंडाच्या पुढे खालच्या अंगाला दोन नाकपुड्या दिसतील. श्वासाशी त्यांचा संबंध नसतो, तो कल्ल्यांतून चालतो. पोहताना पाणी नाकपुडीत शिरते, आतल्या घडीदार पडद्यांवरून फिरते आणि बाहेर पडते. वास घेणे एवढेच त्या अवयवाचे काम.

युद्ध आणि काळे पाणी

दुसऱ्या महायुद्धात हा विषय प्रयोगशाळेतून रणांगणावर आला. विमाने समुद्रात पडत, जहाजे बुडत आणि जखमी तरुण पाण्यात तरंगत राहत. शार्कच्या भीतीने सैनिकांचे मनोधैर्य खचते, हे पाहून अमेरिकी सरकारने शार्क पळविणारे औषध शोधण्याचे काम हाती घेतले. कुजलेल्या शार्कच्या मांसाजवळ शार्क येत नाही, या जुन्या निरीक्षणावरून ताम्र ॲसिटेट निवडण्यात आले. त्यात काळा रंग मिसळून वडी तयार केली, म्हणजे पाणी काळे होऊन माणूस दिसेनासा व्हावा. ‘शार्क चेसर’ या नावाने ती सैनिकांच्या जीवरक्षक जाकिटांना बांधली गेली. नंतरच्या परीक्षांत तिचा प्रत्यक्ष उपयोग फारच थोडा ठरला आणि १९७०च्या दशकात ती वापरातून गेली. मन्नारच्या पाणबुड्यांना मांत्रिकाने जो धीर दिला, तोच या वडीने सैनिकांना दिला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

३० जुलै १९४५ रोजी ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकी युद्धनौका जपानी पाणतीरांनी बुडविली. जहाजावर सुमारे बाराशे माणसे होती. तीनशेच्या आसपास जहाजाबरोबरच गेली. उरलेली चार दिवस उघड्या समुद्रात तरंगत राहिली. अखेर ३१६ जण वाचले. शार्कनी त्यांतील काहींना नेले हे वाचलेल्यांनी स्वतः सांगितले आहे आणि त्या दुःखाला कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण बहुसंख्य मृत्यू तहान, ऊन, जखमा आणि खारे पाणी पिण्याने झाले. जहाज बेपत्ता आहे हे किनाऱ्यावर वेळेत कोणाच्या लक्षात आले नाही, हे त्या आपत्तीचे खरे कारण होते. लोकस्मृतीत मात्र शार्क राहिले, आणि माणसांची चूक मागे पडली.

गंध सांगतो, प्रवाह नेतो

१९५८ साली अमेरिकेत शार्क संशोधन मंडळ स्थापन झाले आणि जगभरच्या हल्ल्यांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. पुढच्या पंधरा वर्षांत चित्र झपाट्याने स्पष्ट होत गेले. १९६३ साली डोनाल्ड नेल्सन व सॅम्युअल ग्रुबर यांनी दाखविले की, तुटक, घोगऱ्या आवाजाकडे शार्क ओढले जातात. जाळ्यात किंवा गळाला अडकलेला मासा फडफडतो तेव्हा असाच आवाज होतो. म्हणजे रक्त पोहोचण्यापूर्वीच शार्कच्या कानी वर्दी गेलेली असते, कारण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो.

१९७१ साली एडवर्ड हॉजसन व रॉबर्ट मॅथ्यूसन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. गंध आल्याबरोबर ‘लेमन शार्क’ जातीचा मासा सर्वांत जोरदार प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने पोहू लागे, मग गंधाचा उगम तेथे असो वा नसो. ‘नर्स शार्क’ मात्र डोके डावी-उजवीकडे हलवीत गंध वाढेल त्या बाजूला सरके. म्हणजे गंध हा अनेकदा फक्त ‘जवळपास काही आहे’ एवढेच सांगतो. कोठे आहे, हे पाण्याचा प्रवाह सांगतो.

हे वाचताना आम्हांला पुरुषोत्तमनगरची ती संध्याकाळ आठवली. शेताच्या बांधावर उभे असता एकाएकी मळीचा उग्र, आंबूस वास आला. स्नेही म्हणाले, “वारा कारखान्याकडून फिरला. आता फिरला उलटा, की गंधही नाही. कारखाना मात्र आहे तिथेच आहे.” वास येताच आम्ही नकळत वाऱ्याकडे तोंड केले होते. शार्क नेमके हेच करतो. रक्त सांडलेल्या जागेच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या वाटेवर जो मासा असेल, त्यालाच वर्दी मिळेल. वरच्या अंगाचा मासा शंभर हातांवर असूनही अनभिज्ञ राहील. आणि मैलाचे म्हणाल, तर पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तेव्हा रक्ताचा अंश मैलभर जायला जवळजवळ पाऊण ते एक तास लागेल. तोवर लाटा आणि भोवरे त्याची पांगापांग करून टाकतील.

त्याच वर्षी, म्हणजे १९७१ मध्ये, डच शास्त्रज्ञ ॲड्रियानस कालमाइन यांनी स्टेनो-लोरेन्झिनींच्या छिद्रांचे कोडे सोडविले. वाळूखाली लपवलेला मासा मुशी अचूक शोधून काढीत होती. गंध व दृष्टी दोन्ही अडतील, पण वीज जाऊ शकेल अशा पेटीत तो मासा ठेवला तरीही ती चुकली नाही. प्रत्येक जिवंत देहातून अतिक्षीण वीज पाण्यात पसरते, तिची जाणीव त्या नलिकांतून होते. ही जाणीव काही हातांच्या आतच काम करते. शेवटचा घास घेताना गढूळ पाण्यात शार्कला डोळ्यांची गरज पडत नाही, ती यामुळेच.

२०१० सालचा निवाडा

रक्ताच्या थेंबाची कथा मात्र पुस्तकांतून चालूच राहिली. २०१० साली दोन अभ्यासांनी तिची नीट झडती घेतली. फ्लोरिडातील ट्रिशिया मेरेडिथ व स्टीफन काजिउरा यांनी शार्क आणि पाकट यांच्या पाच जातींच्या नाकांवर वीस अमिनो आम्लांची परीक्षा केली. ही आम्ले रक्तात असतात, तशी माशाच्या अंगरसातही असतात. शार्कचे नाक त्यांनाच ओळखते. निष्कर्ष असा निघाला की, शार्कचे नाक तीक्ष्ण आहे खरे, पण इतर सामान्य माशांच्या नाकापेक्षा अधिक तीक्ष्ण नाही. ज्या घ्राणशक्तीसाठी आपण शार्कला राक्षस ठरविले, तशीच घ्राणशक्ती आपल्या ताटातल्या कित्येक माशांपाशी असते.

जेन गार्डिनर व येले अतेमा यांनी मुशींच्या डोक्यावर बारीक नळ्या बसवून दोन नाकपुड्यांत वेगवेगळ्या क्षणी गंध सोडला. ज्या नाकपुडीत गंध आधी पोहोचे, त्या बाजूला मुशी वळे. अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाइतके असले तरी तिला ते कळे. आणि दुसऱ्या नाकपुडीत नंतर अधिक तीव्र गंध सोडला तरी निर्णय पहिल्यावरच होई. पार्कर यांच्या कापसाच्या बोळ्याला शहाण्णव वर्षांनी असा खुलासा मिळाला.

एकंदरीत, मुलाला द्यायचे उत्तर असे आहे. शार्कला रक्ताचा वास येतो, माणसाच्या रक्ताचाही येतो. पण तो वास म्हणजे वेडाचा झटका नव्हे. तो एका शोधाचा आरंभ असतो. आवाज, गंध, प्रवाह, दृष्टी आणि वीज असे एकामागून एक साक्षीदार तपासत तो मासा पुढे येतो. आणि पुष्कळदा वाटेतूनच परत फिरतो. त्याचा शोध असतो तो घायाळ, आजारी किंवा मेलेल्या माशाचा. समुद्र नासू न देण्याचे काम त्याच्याकडे आहे.

समजुतीची किंमत

एखादी समजूत चुकीची असली तर बिघडते कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते दोन्ही बाजूंनी.

१९७४ साली पीटर बेंचले यांची ‘जॉज’ ही कादंबरी आली आणि १९७५ साली तिच्यावरचा चित्रपट. शार्क म्हणजे सूड घेणारा रक्तपिपासू राक्षस, ही प्रतिमा घराघरांत पोहोचली. त्याचा बेंचले यांना पुढे पश्चात्ताप झाला आणि उर्वरित आयुष्यात त्यांनी शार्कच्या रक्षणासाठी काम केले. जगात दरवर्षी शार्कने आपण होऊन चावा घेतल्याच्या घटना साधारण पन्नास ते ऐंशी होतात. त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहा किंवा त्याहून कमी असतात. उलट बाजूला, १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातील शार्क व पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी. भारत हा शार्क पकडणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे. २००१ साली आपल्या सरकारने देवमाशाएवढ्या पण निरुपद्रवी ‘व्हेल शार्क’ला आणि नंतर आणखी काही जातींना कायद्याचे संरक्षण दिले. २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. परंतु राक्षस समजल्या गेलेल्या प्राण्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, आणि कायदा कागदावर एकटा पडतो.

आमच्या कोळीवाड्यांत बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतात. ज्या माशाने आमच्या कित्येक पिढ्यांच्या आयांना बळ दिले असे आम्ही मानतो, तोच मोठा होऊन खाडीत दिसला की आम्ही त्याला नरभक्षक म्हणतो. हा विसंवाद आमच्या ध्यानात यायला हवा.

दुसरी बाजू माणसाची. रक्ताच्या थेंबाची भीती घालून आपण कोळ्याला काहीच उपयोगाचे सांगत नाही. त्याला सांगायचे ते साधे आहे. गढूळ खाडीत, तिन्हीसांजेला, एकट्याने कमरेएवढ्या पाण्यात उतरू नये. पकडलेले मासे कमरेला बांधून पाण्यात फिरू नये. माशांची आतडी-कोथळे माणसे उतरतात त्या धक्क्यावर टाकू नयेत. आणि दुर्दैवाने चावा बसलाच, तर माणूस दगावतो तो बहुधा रक्तस्रावाने. म्हणून जखमेवर स्वच्छ कापड ठेवून ते हातांनी घट्ट दाबून धरावे आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे. रक्ताचा खरा धोका येथे आहे. ते पाण्यात गेले, यापेक्षा देहातून गेले हे अधिक गंभीर.

वैतरणेच्या काठी त्या दिवशी दोन जीव संकटात होते. एका तरुणाचे चालते-फिरते आयुष्य क्षणात बदलून गेले. त्याच्या घराच्या दुःखापुढे कोणत्याही शास्त्राने नम्रच व्हावे. दुसरी एक गाभण मादी, जी आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे शांत पाणी शोधत खाडीत शिरली होती. तिला दुष्ट ठरविल्याने त्या तरुणाचे दुःख तसूभरही हलके होत नाही.

पुरुषोत्तमनगरच्या त्या मुलाला आम्ही पत्र लिहिले आहे. प्रकाशाजवळ गोमाई ज्या तापीला मिळते, ती पुढे सुरतेजवळ समुद्राला जाते; पण १९७२ साली पुरे झालेले उकाईचे धरण मध्ये उभे असल्याने समुद्रातला मासा तुझ्या गावाकडे येणार नाही, तेव्हा निर्धास्त पोहायला शीक, असे त्यात प्रथम सांगितले. मग त्याला एक प्रयोग सुचविला. हंगामात कारखान्याचा वास येईल तेव्हा वारा कोणत्या दिशेचा आहे ते पंधरा दिवस वहीत लिहून ठेव, आणि वास न येणाऱ्या दिवशीही लिही. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या गळिताची आम्ही वाट पाहत आहोत.